आधी कागद, मग ओल, मग रंग

प्रश्न : माझं वय ६७. कोथरूडमध्ये १९९१ साली बांधलेल्या तीन मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. लिफ्ट नाही. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. माझ्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, म्हणून घर विकून मुलाजवळ बंगळूरला जायचं ठरलंय. मुलगी मेलबर्नला असते. चार महिन्यांत अकरा जण बघून गेले. येतात आणि पाच मिनिटांत निघतात. एक बाई स्वयंपाकघरात नाक मुरडून गेल्या, ते मला फार लागलं. दोघांनी घर आवडल्याचं सांगितलं, कागदांच्या झेरॉक्स नेल्या आणि मग त्यांचा फोनच आला नाही. एजंट म्हणतो, फरशा बदला, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करा. सहा-सात लाख घातले तर दहा लाख जास्त मिळतील. मुलगा म्हणतो, एक पैसा घालू नकोस. पश्चिमेच्या बेडरूमला दर पावसाळ्यात ओल येते. बाथरूमबाहेरच्या छतावर बाराही महिने एक डाग असतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव लागलंय, त्यामुळे कागदांची चिंता नाही. पण घराचं काय करू? यांची पुस्तकं, मुलांच्या उंचीच्या खुणा असलेली चौकट, सगळं जिथल्या तिथे आहे. कुठून सुरुवात करू?

– एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी थबकले. ‘कागदांची चिंता नाही.’ घर आवडलेली दोन माणसं नेमकी झेरॉक्स नेल्यावर गप्प झाली. स्वयंपाकघर, फरशा, जिने हे सगळं त्यांनी आधीच बघितलं होतं आणि तरी त्यांना घर हवं होतं. म्हणून माझा पहिला संशय कागदांवर आहे, आणि सुरुवातही तिथूनच करा असं मी सांगेन.

नॉमिनी म्हणून नाव लागलं की घर आपलं झालं, असं आपल्याकडे फार जण धरून चालतात. प्रत्यक्षात नॉमिनीमुळे एवढंच ठरतं की सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी बोलायचं. मालकी वारसांकडे जाते. यजमानांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघेही घराचे समान वाटेकरी आहात. आणखी एक विचारते. यजमान गेले तेव्हा तुमच्या सासूबाई हयात होत्या का? असल्या, तर त्याही वाटेकरी ठरतात, आणि आज त्या नसल्या तर त्यांच्या वाट्याला त्यांचे वारस येतात. हे बऱ्याच घरांत कोणाच्या ध्यानातच नसतं आणि व्यवहार ऐन रंगात आल्यावर वर येतं.

घर घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून घेतो. बँकेचा वकील तुमचे कागद बघतो, नॉमिनीचं नाव दिसलं की बाकीच्या वारसांचं काय म्हणून विचारतो, आणि उत्तर नसलं तर फाइल बाजूला पडते. तुम्हाला कोणी कळवलं नाही, कारण गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन ‘तुमच्या मुलीचा हिस्सा आहे’ हे सांगणं कोणाला नको असतं.

यातून दोन वाटा निघतात. एकीत मुलं तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतात आणि मग तुम्ही एकट्या विक्री करता. दुसरीत तिघंही विक्रेते म्हणून सह्या करता. मुलगी येऊ शकत नसेल तर तिने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र (म्हणजे तिच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) साक्षांकित करून पाठवावं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. तिला विक्रेती म्हणून ठेवायचं असेल तर हेही लक्षात घ्या, की परदेशी राहणाऱ्या विक्रेत्याच्या पैशातून खरेदीदाराने कर कापायचे नियम वेगळे आणि जास्त किचकट असतात, आणि त्या कटकटीला बिचकून काही जण मागे फिरतात. कोणती वाट बरी हे वकील आणि सीए मिळून सांगतील. पण त्याआधी तुम्ही तिघं एकदा फोनवर निवांत बसा. हक्कसोडपत्र केल्यावर कायद्याने सगळी रक्कम तुमची होते. पुढे त्यातून कोणाला काय द्यायचं ते आज मोकळेपणाने बोललं गेलं तर भावाबहिणीत नंतर किल्मिष राहत नाही.

त्याच फाइलमध्ये १९९१ चा मूळ करारनामा, त्याच्या नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, मिळकतकराची शेवटची पावती, वीजबिल, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि इमारतीच्या भोगवटा पत्राची (इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या परवानगीची) प्रत एकत्र लावा. कधी काळी कर्ज होतं तर ते फिटल्याचं बँकेचं पत्रही. मूळ करारनामा एकदा वकिलाला दाखवाच. त्या काळातले काही करारनामे कमी मुद्रांकावर झालेले असतात आणि ते आज अडकतात. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्सवर आडवं ‘फक्त पाहण्यासाठी’ असं लिहून तारीख घाला.

आता घराकडे वळते. एजंटच्या सहा-सात लाखांना माझा स्पष्ट नकार आहे. तुमची इमारत पस्तिशीला आलेली, तीन मजली, लिफ्ट नसलेली, आणि तीही कोथरूडमध्ये. तुमच्या आसपास अशा किती इमारती पुनर्विकासाला गेल्या ते तुम्ही रोज बघत असाल. तुमचं घर घेणाऱ्याच्या डोक्यात तो हिशेब असणारच. उद्या जी इमारत पडू शकते, तिच्या फॉल्स सीलिंगचे पैसे तो कशाला देईल? आणि जो राहायला म्हणून घेईल, त्याला ओटा त्याच्या मनासारखा हवा असेल. तुमचा नवा कोरा ओटा तो फोडेल. शिवाय जुन्या इमारतीत एकच घर आतून चकचकीत दिसलं की शहाणा माणूस विचारतो, या फरशीखाली काय दडवलंय?

मुलाचं ‘आहे तसं विक’ हेही मला पटत नाही. घर बघायला आलेला माणूस मनातल्या मनात दुरुस्तीचा खर्च मांडत फिरत असतो. नळ ठिबकताना दिसला की तो नळाचे चारशे रुपये धरत नाही. ‘साधा नळ बदलला नाही, तर भिंतीतले पाइप कसे असतील’ असं म्हणून दीड-दोन लाख धरतो. म्हणून पैसा तिथे घाला जिथे बघणाऱ्याला भीती वाटते. डोळे दिपवायला घालू नका.

भीतीत पहिली ओल. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. वडिलांचं घर विकताना आम्ही भावंडांनी मागच्या खोलीतल्या ओलसर भिंतीला लोखंडी कपाट लावून ठेवलं होतं. बघायला आलेल्या मुलाच्या आईने बोलता बोलता कपाटामागे हात घातला, बोटांना लागलेला पांढरा खार बघितला आणि काही न बोलता पदराला हात पुसला. त्यानंतर आम्ही सांगितलेली एकही गोष्ट त्यांना खरी वाटेना. पाण्याची वेळसुद्धा त्यांनी शेजाऱ्यांना जाऊन विचारली. व्यवहार मोडला. ओलीपेक्षा आमच्या लपवण्यानेच तो मोडला, याची खंत मला अजून आहे. कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

तुमच्याकडे दोन वेगळ्या ओली आहेत, त्यांना एकच औषध लावू नका. पश्चिमेच्या भिंतीची ओल फक्त पावसाळ्यात येते, म्हणजे ती बाहेरून येते. पुण्याचा पाऊस नैऋत्य-पश्चिमेकडून भिंतीवर आदळतो. बाहेरच्या गिलाव्याला भेगा असतील, खिडकीच्या वरचा छज्जा जिथे भिंतीला मिळतो तो सांधा उघडला असेल, किंवा बाहेरून जाणारा पावसाच्या पाण्याचा पाइप फुटला असेल. आतून कितीही वॉटरप्रूफ रंग लावला तरी पुढच्या श्रावणात पोपडे येणारच. बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपची गळती ही आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीच्या दुरुस्तीत येते. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत आताच, भिंत ओली असतानाचे फोटो लावा आणि पोच घ्या.

छतावरचा डाग बारा महिने असतो, म्हणजे तो वरच्यांच्या बाथरूमचा. तिथला नहाणी ट्रॅप सैल झाला असेल किंवा फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलं असेल. वरच्यांच्या बाथरूमची गळती सोसायटीच्या खर्चात बसत नाही, तो तुमच्या दोघांतला प्रश्न असतो. प्लंबर घेऊन वर जा आणि भांडण न करता बोला. पुष्कळदा नुसते सांधे खरवडून इपॉक्सी ग्राऊट भरल्याने भागतं. पूर्ण फरशी काढून खालचा कोबा नव्याने करायची वेळ आलीच, तर थोडा खर्च तुम्ही उचला असं मी सुचवेन. रीतीने तो त्यांचा आहे, पण घाई तुम्हाला आहे, आणि त्या डागापायी भाव पडेल तो याहून कितीतरी जास्त. काम झाल्यावर बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो फाइलमध्ये ठेवा. येणाऱ्याला आपणहून सांगा, इथे गळत होतं, अमुक महिन्यात काम केलं, हे बिल. असं सांगणाऱ्या घराबद्दल माणसाला भरवसा वाटतो.

रंग सगळ्यात शेवटी. गळती थांबल्यावर भिंत पूर्ण सुकू द्या, मगच पुट्टी आणि रंग. ओल्या भिंतीवर घाईने मारलेला रंग दोन महिन्यांत फुगतो. सगळीकडे एकच फिकट रंग घ्या, पांढऱ्याकडे झुकणारा. छत पांढरं. दिवाणखान्यातली एखादी भिंत गडद असेल तर तीही फिकट करून टाका, खोली मोठी वाटते.

फरशा तुमच्या घरात बहुधा मोझेकच्या असतील. त्या बदलू नका, मशीनने पॉलिश करून घ्या. दोन-तीन दिवस घरभर चिखल होतो, पण नंतर ती फरशी अशी उजळते की तुम्हालाच आश्चर्य वाटेल. असा पक्का मोझेक आता नव्या इमारतींत मिळत नाही. पुण्यातली जुनी माणसं त्याची कदर करतात, आणि हल्ली तरुणही करू लागलेत.

स्वयंपाकघराचं तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते. ज्या ओट्यावर तीस वर्षं डबे भरले, त्याच्याकडे बघून कोणी नाक मुरडावं हे दुखणारच. त्या बाईंना मात्र तुमचा संसार दिसला नव्हता. त्यांना बहुधा एक्झॉस्ट पंख्यावरचं तेलकट काजळ, गंजलेली ट्रॉली आणि सिंकखालचा दमट वास एवढंच दिसलं असेल. कडप्प्याचा ओटा राहू द्या. एक माणूस लावून दोन दिवसांत फडताळं, टाइल्स, पंखा घासून घ्या, गंजलेल्या ट्रॉल्या काढून टाका, सिंकचा नळ आणि खालचा पाइप नवा घाला. खाली कोरडी, रिकामी जागा दिसली पाहिजे. येणाऱ्यांतली एक तरी बाई वाकून तिथे बघतेच.

जे नळ ठिबकतात, जी बटणं खटखट करतात, जी खिडकी पावसात फुगून अडकते, जी कडी लागत नाही, ते सगळं एका कागदावर लिहा आणि प्लंबर, वायरमन, सुतार एकाच आठवड्यात बोलवा. पिवळ्या पडलेल्या ट्यूब काढून एलईडी लावा. खिडक्यांच्या मच्छरजाळ्या धुवा. जाळी धुतली की खोलीत किती उजेड येतो ते करून बघा. घरात शिरायच्या आधी माणूस दोन जिने चढून येतो, तेव्हा जिन्यातला दिवा लागतोय का, तुमच्या दारासमोर चपलांचं रॅक आणि रद्दी आहे का, हेही बघा. लिफ्ट आपण आणू शकत नाही, पण अंधाऱ्या जिन्यातून वर आलेल्याला ते दोन मजले चार वाटतात.

सामानाबद्दल जरा सावकाश बोलते, कारण खरं अवघड तेच आहे. पुस्तकं, माळ्यावरच्या ट्रंका, मोठी शोकेस, दिवाण, जास्तीच्या खुर्च्या यांनी तुमचं घर भरलेलं असणार. येणाऱ्याला त्याचं सामान इथे मावेल का ते बघायचं असतं. मोकळी भिंत दिसली तर तो तिथे मनाने आपला पलंग ठेवतो. म्हणून अर्धं सामान कमी झालं पाहिजे. पण एका दिवसात करू नका, आणि एकट्याने तर नकोच. मुलाला आठ दिवस बोलवा. ‘एक पैसा घालू नकोस’ म्हणतोय तर पैशांऐवजी त्याने आठ दिवस घालावेत. यजमानांच्या पुस्तकांतली जी तुम्हाला न्यायची आहेत ती आधी तुम्ही निवडा, खोक्यात भरा, बंगळूरचा पत्ता लिहा. मग मुलीला व्हिडिओवर कपाट दाखवा, तिला काय हवं ते ती सांगेल. उरलेली वाचनालयाला विचारून द्या. रद्दीवाला आला की यादी न करता सगळं जातं आणि महिन्याने एखाद्या पुस्तकाची आठवण येऊन जीव कासावीस होतो. तसं व्हायला नको. घर अगदी रिकामंही करू नका. रिकाम्या खोल्या लहान वाटतात. प्रत्येक खोलीत एक-दोन वस्तू राहू द्या, म्हणजे मापाचा अंदाज येतो.

देवघर जिथे आहे तिथेच राहू द्या. फक्त समईच्या काजळीने काळी झालेली भिंत पुसून रंगवा. यजमानांचा हार घातलेला फोटो दिवाणखान्यात समोर असेल, तर तेवढे दिवस तो तुमच्या खोलीत घ्या. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण कारण ऐका. आत येताच तो फोटो बघून अनोळखी माणूस ताडतो की बाई एकट्या आहेत, मुलांकडे जायची घाई असेल, आणि भाव पाडून मागायला तिथेच सुरुवात होते.

एकट्या असताना कोणालाही घर दाखवू नका. एजंट असला तरी शेजारच्या कोणाला तरी बोलावून ठेवा, दागिने आणि मूळ कागद लॉकरमध्ये असू द्या. तुमच्या घरात चांगला उजेड कधी येतो ती वेळ द्या. सगळ्यांना ‘केव्हाही या’ म्हणू नका. त्याआधी अर्धा तास खिडक्या उघडा, फोडणी नको, डांबराच्या गोळ्या कपाटातून काढलेल्या असू द्या, आणि वास झाकायला धूपही नको, त्याने उलट शंका येते. पाणी द्या आणि मग बाजूला बसा. त्यांना आपसांत बोलू द्या, नळ सोडून बघू द्या, होकायंत्र काढून दिशा बघणारे असतील तर तेही करू द्या. पुनर्विकासाचं विचारलं तर सोसायटीच्या सभेत जे ठरलंय तेवढंच सांगा, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालंय की नाही ते आधी सेक्रेटरींकडून विचारून ठेवा. बाल्कनी आत घेतली असेल तर तीही सांगा, बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन मोजायला येतोच.

भावाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. अकरा जणांतल्या नऊ जणांनी भाव करायलाही सुरुवात केली नाही, म्हणजे आकडा कदाचित जास्त असेल. शेजाऱ्यांनी किती सांगितलं होतं यावर जाऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे तुमच्या भागातले नोंदलेले व्यवहार बघता येतात. मुलगा आठ दिवस येईल तेव्हा हे काम त्याला सांगा. तुमच्या जुन्या करारनाम्यात क्षेत्रफळ बिल्टअपमध्ये, म्हणजे भिंतींसकट, असेल. आजचा माणूस कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, विचारतो, तेव्हा खोल्या मोजून आकडा हाताशी ठेवा. एजंटचं कमिशन किती टक्के आणि ते कधी द्यायचं, हे पहिला माणूस आणण्याआधी लिहून घ्या.

तुमचं पत्र श्रावणात आलं हे बरं झालं. ओल आता दिसतेय तोवर तिचं मूळ शोधा आणि वकिलाकडे जा. गणपती झाले की पितृपंधरवड्यात आपल्याकडे घर बघायला फारसं कोणी फिरकत नाही. तोवर पाऊसही ओसरतो. घासणं, पॉलिश, सुतारकाम तेव्हा उरका, मिस्त्रीही जरा मोकळे असतात. रंगाऱ्याला मात्र आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर तो हाती लागत नाही. घटस्थापनेनंतर घर पुन्हा दाखवायला काढा. दसरा ते पाडवा या दिवसांत लोक विसार द्यायला उत्सुक असतात. तोवर हक्कसोडपत्राचं काम झालं नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि ते पुरं होईपर्यंत विसार घेऊ नका.

आणि ती चौकट. रंगारी यायच्या आदल्या दिवशी ट्रेसिंगचा लांब कागद आणा, चौकटीवर चिकटवा आणि मुलाला सगळ्या खुणा तारखांसकट पेन्सिलने उतरवून घ्यायला सांगा. मुलीला त्या वेळी व्हिडिओवर घ्या. तिच्या खुणा कुठल्या ते तीच सांगेल.